तारांचे चाक आणि बिनट्यूबचा टायर



गेल्या महिन्यात आमच्या घरी एका चाकावरून वाद झाला. तो आज तुमच्यापुढे मांडतो, कारण ज्या घरी तारांच्या चाकांची मोटारसायकल आहे त्या घरी आज ना उद्या हाच वाद होणार आहे.

माझा पुतण्या रोज पहाटे मोटारसायकलला दुधाचे कॅन अडकवून डेअरीला जातो. आमचा भाग माणदेशाचा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेडी बाभूळ माजलेली, तिच्या तोडलेल्या फांद्या वाटेवर पडलेल्या. महिन्याला दोन-तीन पंक्चर ठरलेली. पंक्चर झाले की डेअरीची वेळ टळते आणि दूध परत घरी येते. ही कटकट तो निमूट सोसत होता.

पण त्या दिवशी गाडीवर दूध नव्हते. मागे सूनबाई बसली होती आणि तिच्या मांडीवर दोन वर्षांचा नातू. गावाबाहेरच्या वळणावर मागच्या चाकाची हवा एकदम गेली, गाडी डोलली आणि बाजूच्या चारीत उतरली. देवाची कृपा, खरचटण्यावर निभावले.

घरी आल्यावर पुतण्या म्हणाला, "तात्या, आता बास झालं. दोन्ही चाकं ट्यूबलेस करून घेतो. तालुक्याला एक जण तारांच्या चाकालासुद्धा करून देतो म्हणतोय. दिवसभराचं काम आहे."

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "हवा जायची असली तर जाऊ द्या, पण एकदम जाऊ नये. एवढं ज्यात होईल ते करा."

मंडळी, या विषयाचे सार सूनबाईच्या या बोलण्यात आहे. पंक्चरने अर्धा तास जातो, त्याचे एवढे काही नाही. हवा एकदम जाते, त्यात जीव जातो. म्हणून कोणताही उपाय करताना एकच विचारावे, या उपायाने हवा सावकाश जाईल का?

ट्यूब कशासाठी?

हवेचा टायर कामाचा करून दाखवला तो जॉन बॉइड डनलॉप याने, आणि हा गृहस्थ होता गुरांचा डॉक्टर! आयर्लंडमधल्या बेलफास्ट गावी त्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे १९४७ साली अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीने मोटारींसाठी बिनट्यूबचा टायर जाहीर केला. मोटारीची रिम सबंध पत्र्याची असते, तिला भोके नसतात. त्यामुळे टायर आणि रिम मिळूनच हवा कोंडून धरतात.

आपल्या तारांच्या चाकाचे तसे नाही. एका रिमला बहुधा ३६ तारा असतात. प्रत्येक तारेचे निपल रिमला भोक पाडून आतून बसवलेले असते. म्हणजे रिम ही एका अर्थी चाळणीच झाली. चाळणीत पाणी ठरत नाही, तशी या रिममध्ये हवा ठरत नाही. म्हणून आत ट्यूब घालावी लागते.

आता काटा घुसल्यावर काय होते ते पाहा. ट्यूब फुग्यासारखी ताणलेली असते. तिला भोक पडले की ते मोठे होते, कधी ट्यूब चिरतच जाते. बाहेर पडलेली हवा निपलच्या भोकांतून आणि वॉलच्या भोकातून वाट काढते. चाक बघता बघता बसते. ट्यूबलेस टायरला आतून हवाबंद रबराचा थर दिलेला असतो. खिळा घुसला तरी रबर त्याला घट्ट आवळून धरते, आणि हवा जायला कधी तास, कधी दिवसही लागतो. पंक्चर काढायला चाक खोलावे लागत नाही. भोकात चिकट रबरी वात दाबून बसवली की दहा मिनिटांत काम होते. पुतण्याचा हट्ट काही चुकीचा नव्हता.

मेख कोठे आहे?

तालुक्याचा माणूस करतो ते काम साधे आहे. तो निपलांवर आतून मसाला लावतो, त्यावर पट्टी चिकटवतो, आणि ट्यूब काढून ट्यूबलेस टायर बसवतो. चाळणीची भोके बुजली, हवा राहिली. पण भोके बुजवणे हे निम्मेच काम झाले.

ट्यूबलेस टायरसाठी केलेल्या रिमला आतल्या अंगाने, टायरची कड जेथे बसते त्याच्या अलीकडे, एक बारीक उंचवटा असतो. शेताच्या बांधासारखाच समजा. हवा कमी झाली तरी हा बांध टायरच्या कडेला मधल्या खोलगट भागात घसरू देत नाही. ट्यूबच्या पुष्कळशा जुन्या रिमांना हा बांधच नसतो. अशा रिमला ट्यूबलेस टायर बसवला, हवा थोडी उतरली, आणि वळणावर बाजूचा जोर आला, की कड घसरते. कड घसरली की सगळी हवा एका क्षणात बाहेर. म्हणजे ज्या भीतीपोटी पैसे घातले तीच दारात येऊन उभी राहते. मागच्या चाकाचे असे झाले तर गाडी डोलते, निदान सावरायला थोडी संधी असते. पुढच्या चाकाचे झाले तर हँडल हातात राहत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी टायर काढून रिम आतून पाहावी, बोट फिरवून बांध लागतो का ते बघावे. रिमवर मापाबरोबर इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. 'एम टी' असेल तर आकार ट्यूबलेसच्या जातीचा. 'डब्ल्यू एम' असेल तर ती ट्यूबची रिम, तिच्या नादाला लागू नये. पुढच्या चाकाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

तारांचे चाक बिनट्यूबचे होतच नाही असे मात्र समजू नका. बीएमडब्ल्यू कंपनीने १९८७ सालच्या आर १०० जीएस या गाडीला तारा रिमच्या बाहेरच्या कडांना जोडल्या. त्यामुळे मधल्या भागाला भोके पाडावी लागलीच नाहीत. आपल्याकडे रॉयल एन्फिल्डने २०२४ साली हिमालयन ४५० या गाडीसाठी तारांची ट्यूबलेस चाके आणली. पण ती चाके मुळातच तशी बनवलेली असतात. मागाहून मसाला लावलेली रिम आणि ती, यांत फरक आहे.

आधी कारण शोधा

वाद वाढू लागला तसा मी पुतण्याला म्हणालो, "बाबा, भांडू मागाहून. आधी चाक खोलून बघू." आमच्या गावचा मिस्त्री आला. ट्यूब बाहेर काढून पाण्यात बुडवली, तर भोक बाहेरच्या बाजूला नव्हतेच! रिमकडच्या बाजूला दोन बोटे लांब चीर होती. निपलांवर जी रबरी पट्टी असते ती कुजून सरकली होती. एका तारेचे टोक निपलच्या वर आले होते, आणि वजन पडेल तसे ते ट्यूबला घासत होते. आम्ही सगळे बाभळीला शिव्या देत होतो आणि काटा घरातच होता!

तेव्हा मंडळी, पंक्चर तीन तऱ्हांची असतात. एक, बाहेरून काटा-खिळ्याचे. दुसरे, आतून तारेच्या टोकाचे किंवा कुजलेल्या पट्टीचे. तिसरे, कमी हवेचे. हवा कमी आणि वजन जास्त असले की खड्ड्यात ट्यूब टायर आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाते, आणि तिला सापाच्या दातांसारखी जोडीने भोके पडतात. चाळीस लिटरचे दोन कॅन म्हणजे नुसत्या दुधाचेच ८२ किलो होतात. त्यात चालवणाऱ्याचे वजन मिळवा. एवढ्या ओझ्याला एकट्या माणसाची हवा कशी पुरणार? एकट्याला किती आणि मागे ओझे असताना किती, हे गाडीच्या पुस्तकात वेगवेगळे दिलेले असते. हवा टायर थंड असताना भरावी. तीही मीटर लावून, अंगठ्याने दाबून नव्हे. आणि गाडीला किती वजन झेपते तेही त्याच पुस्तकात वाचावे.

टायर झिजून गुळगुळीत झाला असेल तर काटा सहज आत जातो. तेथे ट्यूब बदलून उपयोग नाही, टायरच बदलावा.

करायचेच असेल तर

रिमला बांध आहे आणि करायचेच ठरले, तर पुढील गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर करून घ्याव्यात.

१. आधी चाकाचा आउट काढून सर्व तारा सारख्या ताणून घ्याव्यात. मसाला लागल्यावर निपल फिरवले की तो फाटतो, मग पुन्हा पहिल्यापासून काम. वर आलेली टोके कानशीने घासून घ्यावीत.

२. रिमच्या आतला गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने पूर्ण काढावा. मग थिनरने पुसून कोरडी करावी. गंजावर किंवा तेलकटपणावर कोणताही मसाला धरत नाही. गंजाने रिम खाल्ली असेल तर ती टाकूनच द्यावी.

३. मसाला पाण्याला आणि हादऱ्याला टिकणारा, रबरासारखा लवचीक राहणारा हवा. नळाला-खिडकीला लावायचे आंबूस वासाचे सिलिकॉन वापरू नये, ते लोखंडाला गंज आणते.

४. नळकांडीवर वाळायला जितका वेळ लिहिला असेल तितका द्यावा. काही मसाल्यांना पाच-सात दिवस लागतात. "दिवसभरात देतो" म्हणणाऱ्याला हे जरूर विचारावे. वाळल्यावर वरून पट्टी फुगा न राहता दाबून बसवावी.

५. ट्यूबच्या रिमचे वॉलचे भोक बहुधा ८ मिलिमीटरच्या आसपास असते. मोटारीचा रबरी वॉल मोठ्या भोकाचा असतो. भोक वाढवण्यापेक्षा त्या मापाचा नटाने आवळायचा धातूचा वॉल घ्यावा.

६. टायरच्या बाजूवर 'ट्यूबलेस' असे छापलेले असावे. 'ट्यूब टाईप'चा टायर बिनट्यूबचा चालवू नये.

७. हवा भरल्यावर प्रत्येक निपलवर आणि दोन्ही कडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. गाडी रात्रभर उभी ठेवावी, सकाळी हवा मोजावी. पुढे आठवडाभर रोज मोजावी. रोज उतरत असेल तर ते काम फसले असे समजावे.

त्याखेरीज एक ट्यूब आणि रबरी पट्टी कायम घरी ठेवावी. अडचणीच्या वेळी ट्यूबलेस टायरमध्येही ट्यूब घालून गाडी घरी आणता येते. टायर खोलणाऱ्या प्रत्येक पंक्चरवाल्याला आत पट्टी आहे हे आधी सांगावे, नाहीतर लिव्हरच्या एका फटक्यात ती फाटते. आणि गाडी नवी असेल तर कंपनीच्या हमीचे काय होते ते विचारूनच हात घालावा.

आम्ही काय केले?

आमच्या गाडीच्या रिमला बांध नव्हता. तेथेच तो विषय संपला. नवी ट्यूब, नवी रबरी पट्टी आणि मागचा नवा टायर घातला. तारेची टोके घासून घेतली. हवेचा मीटर विकत आणून गोठ्याच्या खांबाला टांगला. आता दर आठ दिवसांनी हवा मोजली जाते. आधी दोन खेपांत नेता येईल एवढे दूध एका खेपेत न्यायचे नाही, हेही ठरले.

पुतण्याच्या गाडीचे ओतीव चाकांचे मॉडेल कंपनीनेच काढलेले आहे, त्याला ट्यूबलेस टायर असतात. ती चाके आपल्या गाडीच्या हबला, ब्रेकला आणि ॲक्सलला जशीच्या तशी बसतात का, हे विचारून ठेवले आहे. दिवाळीला दुधाचा फरक हाती आला की तेवढी चाके घ्यायची. पैसे मसाल्यापेक्षा पुष्कळ जास्त जातील, पण टायर धरून ठेवणारा बांध त्यात असतो.

तोवर काटे आहेतच, पंक्चरही होतील. पुतण्या अजून कुरकुरतो. "तात्या, दिवाळीपर्यंत काटे थांबणार आहेत का?" म्हणतो. त्याचेही खरे आहे. पण सूनबाईने परवा माहेरी जाताना गाडीवर बसण्यापूर्वी स्वतः मीटर लावून हवा पाहिली, मगच नातवाला मांडीवर घेतले. मला वाटते, वाद निम्मा मिटला.

तुमच्या घरी तारांचे चाक असेल तर या रविवारी एवढेच करा. टायरची नक्षी पाहा, हवा मोजा, आणि पुढच्या पंक्चरच्या वेळी ट्यूबचे भोक कोणत्या बाजूला आहे ते पंक्चरवाल्याला दाखवायला सांगा. काटा बाहेरचा की घरचा, ते भोकच सांगेल.