पाटी एमएच-१४ ची असली की

शनिवारी दुपारनंतर लोणावळ्यात मुंबई-पनवेलच्या पाट्यांची रांग लागते आणि चहाच्या टपरीवर एकच विषय निघतो : या पर्यटकांना पोलीस आवरत का नाहीत? तक्रार खोटी नाही. भुशी धरणाकडे आणि पुढे लायन्स पॉइंटकडे जाणाऱ्या रस्त्यावर कट मारणारी, ट्रिपल सीट, सायलेन्सरच्या जागी पुंगळी लावून फटाके फोडणारी पोरं पावसाळाभर दिसतात. पण सोमवारी पर्यटक गेल्यावरही रात्री साडेदहाला जी बुलेट आळीतली लहान मुलं उठवत जाते, तिची पाटी एमएच-१४ ची, म्हणजे इथलीच असते. ती कुणाच्या मुलाची, हे टपरीवर सगळ्यांना ठाऊक असतं. पाहुण्यांबद्दल ११२ ला फोन जातो, हिच्याबद्दल जात नाही.

का जात नाही म्हणून विचारलं तर पहिलं उत्तर मिळतं, "कुठल्या ठाण्यात जायचं तेच कळत नाही." यात थोडं तथ्य आहे. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि मावळ तालुका दोन पोलीस दलांत वाटला गेला. तळेगाव, देहूरोड आयुक्तालयाकडे गेले. वडगाव, कामशेत आणि लोणावळ्याची शहर व ग्रामीण ही दोन्ही ठाणी पुणे ग्रामीणकडे राहिली. तळेगावातून कामशेतला निघालेलं पोरगं वाटेत पोलिसांची हद्द बदलतं, त्याला पत्ताही नसतो. पण २०२१ पासून ११२ हा राज्यभराचा एकच क्रमांक आहे, हद्द कुणाची हे शोधणं त्यांचं काम. फोन उचलणारी व्यक्ती मात्र नवी मुंबईत किंवा नागपुरात बसलेली असते. तिला "आमच्या देवळामागे" सांगून उपयोग नाही. गावाचं, रस्त्याचं नाव, गाडी कुठल्या दिशेनं गेली, नंबर, एवढं सलग सांगता आलं पाहिजे.

आणि नंबर सांगणं हीच तर पंचाईत. ४१४१ चं 'दादा' आणि २१४ चं 'राम' करून बसवलेली पाटी मागून वाचायची म्हणजे अक्षरओळखीचा पेपरच. मालक त्या नंबरासाठी आरटीओत जादा पैसे मोजतो आणि तो कुणाला वाचता येऊ नये म्हणूनही खर्च करतो, हे मला कधीच उमगलेलं नाही.

दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक असतं : "पोरगं लहान आहे, आयुष्याचं नुकसान होईल." इथे कायदा काय म्हणतो ते त्या पोराच्या बापालाही माहीत नसतं. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या पोर्शेनं दोघांचा जीव घेतला, तेव्हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ चं नाव घराघरात गेलं. पण ते फक्त कोट्यधीशांसाठी आहे असा आपला समज झाला. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं हे कलम अ‍ॅक्टिव्हालाही तेवढंच लागू आहे. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी : तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. शिवाय त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी चालवता येते ती फक्त ५० सीसीपर्यंतची गाडी. १९७२ मध्ये फिरोदियांनी आणलेली लुना त्या मापात बसत होती, आजची स्कूटर त्याच्या दुपटीहून मोठी. म्हणजे मुलाला दहावी पास झाल्याचं बक्षीस म्हणून किल्ली देणारा बाप खरं तर स्वतःलाच अडकवतो.

तिसरं उत्तर कुणी मोठ्यानं देत नाही. तळेगाव दाभाड्यात १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला निघालेल्या सतीश शेट्टींचा खून झाला. जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढणारे ते माहिती अधिकार कार्यकर्ते होते. पुंगळीच्या तक्रारीची त्याच्याशी बरोबरी होत नाही, करूही नये. पण तक्रारदार या शब्दाला मावळात एक काळजी चिकटून आहे, हे नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. त्यातच गाडी घेऊन आलेला पोलीस चौकात उभं राहून "फोन कुणी केला होता?" असं विचारतो, तेव्हा फोन करणाऱ्याच्या डोक्यात पुढच्या वेळचा निर्णय तिथेच पक्का होतो. हे पोलिसांनी सुधारायला हवं. नागरिकांना धीट व्हायला सांगून ते सुधारणार नाही. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याचा फोटो छान येतो. ते सायलेन्सर बसवून देणारं गॅरेजही गावातच असतं, तिथं मात्र फोटोग्राफर क्वचित पोचतो.

इंग्लंडात २००२ च्या पोलीस सुधारणा कायद्यानं पद्धत आणली : गाडीचा उपद्रव करणाऱ्याला आधी ताकीद द्यायची. वर्षभरात पुन्हा तेच केलं तर गाडी उचलायची. म्हणजे पोलिसांनी मागचं लक्षात ठेवायचं. आपल्याकडे ही आठवण कागदानं जपावी लागते.

म्हणून फोनपेक्षा माझा भरवसा अर्जावर आहे. एकट्याचा नको, आळीतल्या दहा जणांच्या सह्यांचा : नंबर, वार, वेळ, कुठून कुठे. उघड्या सायलेन्सरला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, तेही त्यात लिहावं. दोन प्रती न्याव्यात, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ठाणे अंमलदारासमोरून उठू नये. गावात असाल तर त्याआधी पोलीस पाटलाकडे जा. तो बहुधा त्या पोराचा चुलता किंवा मामा निघेल, आणि त्याचाच फायदा आहे. चहावर बोलणं होतं, बाप ओशाळतो, पंधरा दिवस कंपनीचा सायलेन्सर परत लागतो.

सोळाव्या दिवशी पुंगळी पुन्हा वाजली, तर त्याच अर्जाची पोचेसह झेरॉक्स पुण्यात चव्हाणनगरला, पुणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांच्या नावे, स्पीड पोस्टानं पाठवा. पावती फेकू नका.