आईच्या दुधातले जिवाणू डब्यात मिळत नाहीत

आईचे दूध निर्जंतुक असते, त्यात जिवाणू आढळले तर ते बाहेरून मिसळले असणार, असे वैद्यकशास्त्र दीर्घकाळ मानत होते. २००३ मध्ये माद्रिदच्या संशोधकांनी निरोगी मातांच्या दुधात लॅक्टोबॅसिलस गटातील उपकारक जिवाणू असल्याचे दाखवले आणि या समजाला धक्का बसला. हे जिवाणू दुधात नेमके कसे पोहोचतात, यावर अजून मतभेद आहेत. पण ते बाळाच्या आतड्यात पोहोचतात, हे आता मान्य झाले आहे.

या दुधात जिवाणूंच्या शिदोरीचीही सोय असते. दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्यानंतर त्यात सर्वाधिक असतात त्या ओलिगोसॅकराइड नावाच्या शर्करा. बाळाला त्या पचत नाहीत. बिफिडोबॅक्टेरिया मात्र त्यांवर पोसतात, आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे अपायकारक जंतूंची वाढ रोखली जाते.

हे शास्त्र पुढे येताच बाजारही पुढे सरसावला. 'प्रोबायोटिक'युक्त पावडरी आणि थेंब आले. असे जिवाणू निरुपयोगी आहेत, असे नाही. ओडिशातील साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवरील चाचणीत लॅक्टोबॅसिलस दिल्याने जंतुसंसर्ग आणि मृत्यू घटले, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पण ती बाळे आईचे दूध पिणारी होती आणि जिवाणूंची निवड काळजीपूर्वक केलेली होती. उलट २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांना प्रोबायोटिक देण्यातील धोक्याचा इशारा दिला. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय असे थेंब बाळाला देणे योग्य नव्हे.

खरी अडचण वेगळीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात. पण जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळते ते केवळ ४१.८ टक्के बाळांना. म्हणजे दोष फक्त चीक पिळून टाकणाऱ्या किंवा बाळाला मध चाटवणाऱ्या घरच्यांचा नाही. डॉक्टर-परिचारिकांच्या डोळ्यांदेखत हा तास निसटतो. सिझेरियननंतर बाळ आईपासून दूर ठेवले जाते, 'दूध उतरले नाही' म्हणत वरचे दूध सुरू होते आणि बाळ ओढत नाही म्हणून अंगावर दूध आणखी कमी येते.

दोन वर्षांखालील मुलांसाठीच्या दूध पावडरीच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्याने आणि त्याच्या २००३ मधील दुरुस्तीने बंदी आहे. पण बंदी पुरेशी नाही. प्रसूतिगृहात बाळाला छातीशी धरायला शिकवणारी परिचारिका हवी, शेतमजूर आणि घरकामगार बाईलाही पगारी रजा हवी. काही कारणाने दूध पाजता न येणाऱ्या आईला दोष देऊन काहीच साधत नाही. तिच्यासाठी दूधपेढ्या वाढवाव्यात.

निसर्गाने प्रोबायोटिक आणि त्याचे खाद्य एकाच घोटात दिले आहे. तो घोट बाळापर्यंत वेळेत पोहोचवणे, एवढेच काम आपल्याकडे उरते आणि नेमके तेच अर्धवट आहे.