हरकत ऐकण्याची वेळ

एप्रिल २०२५ मध्ये सिंगापूरच्या अपील न्यायालयाने एक लवाद निवाडा रद्द करण्याचा खालच्या न्यायालयाचा निर्णय कायम केला. वाद आपल्याकडच्या समर्पित मालवाहतूक रेल्वेमार्गाच्या कंत्राटातला होता. २०१७ मध्ये केंद्राने किमान वेतन वाढवले, त्यापोटी कंत्राटदार जादा रक्कम मागू शकतात का, असा प्रश्न होता. या मार्गांचे व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीचे याच स्वरूपाचे आणखी दोन वाद लवादापुढे होते आणि तिन्ही मंडळांचे अध्यक्ष एकच होते. सहलवाद मात्र वेगळे. तिसरा निवाडा आला तेव्हा त्याच्या ४५१ परिच्छेदांपैकी किमान २१२ परिच्छेद आधीच्या दोन निवाड्यांतून उचललेले निघाले. या पक्षकारांनी न केलेले युक्तिवादही त्यांच्याबरोबर आले होते.

अध्यक्षांचे कोणाशी नाते होते किंवा आर्थिक हितसंबंध होते, असा आरोप या प्रकरणात नव्हता. आधीच्या वादांतून तयार झालेले मत घेऊन ते या वादाकडे आले, असे त्रयस्थ माणसाला वाटेल, एवढे न्यायालयाला पुरले. त्याहून महत्त्वाचा मुद्दा सहलवादांचा. जी सामग्री अध्यक्षांसमोर होती ती त्यांनी पाहिलेलीच नव्हती. तिघांच्या मंडळात निर्णय तिघांचा असायला हवा, ही अपेक्षाच तिथे मोडली. बांधकाम आणि पायाभूत सुविधांच्या क्षेत्रात एकाच प्रकल्पातून दहा वाद निघतात आणि अनुभवी लवाद मोजकेच असतात. त्यामुळे हा धोका रोजचा आहे.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हॅलिबर्टन विरुद्ध चब या खटल्यात याच प्रश्नाला हात घातला होता. डीपवॉटर होरायझन दुर्घटनेतून निघालेल्या विमा वादांत एकाच लवादाने एकापेक्षा जास्त नेमणुका स्वीकारल्या आणि पहिल्या प्रकरणातील एका पक्षाला ते कळवले नाही. माहिती उघड करणे हे लवादाचे कायदेशीर कर्तव्य आहे, असे न्यायालयाने ठरवले, तरी त्या लवादाला हटवले मात्र नाही. इंग्लंडच्या २०२५ च्या सुधारणा कायद्याने आता हे कर्तव्य कलमातच घातले आहे.

आपल्याकडे हे कर्तव्य १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम १२ मध्ये आधीपासून आहे आणि २०१५ च्या दुरुस्तीने पाचवी व सातवी अनुसूची जोडून ते बरेच स्पष्टही केले. अडचण पुढच्या पायरीवर आहे. लवादाविरुद्धची हरकत कलम १३ खाली पंधरा दिवसांत, त्याच मंडळापुढे मांडायची. मंडळाने ती फेटाळली की कामकाज पुढे चालते, निवाडा होतो आणि त्यानंतरच कलम ३४ खाली न्यायालयात जाता येते. सातव्या अनुसूचीतली अपात्रता असेल तर थेट न्यायालयात जाता येते, हे एचआरडी कॉर्पोरेशन विरुद्ध गेल या २०१७ च्या निकालाने स्पष्ट केले. पाचव्या अनुसूचीतल्या रास्त शंकांना मात्र ती वाट नाही.

अधिकारक्षेत्राचेही तेच. कलम १६ खाली मंडळाने ‘आम्हाला अधिकार नाही’ असे म्हटले, तर कलम ३७ खाली लगेच अपील करता येते. ‘अधिकार आहे’ असे म्हटले, तर निवाड्यापर्यंत थांबायचे. हा एकतर्फीपणा आम्हाला कधीच पटलेला नाही. ज्याने लवादाचा करारच केला नाही असे म्हणणे आहे, त्याने साक्षी, उलटतपासण्या, तज्ज्ञांचे अहवाल आणि लवादांची फी हा सगळा भार आधी उचलायचा. मग लोक राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ चा आधार शोधतात आणि तो मार्ग अपवादानेच खुला आहे, हे भावेन कन्स्ट्रक्शनच्या २०२१ च्या निकालाने बजावून ठेवले आहे.

१९८५ च्या अनसिट्रल नमुना कायद्यात असे नाही. त्याच्या अनुच्छेद १३ आणि १६ खाली, हरकत फेटाळल्यावर तीस दिवसांत न्यायालयाकडे जाता येते. अर्ज प्रलंबित असताना मंडळाला काम चालू ठेवण्याची मुभा आहे आणि न्यायालयाच्या निर्णयावर अपील नाही. आपला १९९६ चा कायदा या नमुन्यावर बेतला, पण नेमक्या या दोन तरतुदी त्यातून गळल्या. न्यायालयांचा हस्तक्षेप कमी व्हावा हा हेतू होता आणि १९४० च्या कायद्याचा अनुभव पाहता तो समजण्यासारखा होता. परंतु हस्तक्षेप त्यामुळे टळत नाही, फक्त सर्वांत महागड्या क्षणापर्यंत लांबतो.

आणि तोवर उशीर झालेला असतो. मुंबईच्या एव्हिटेल कंपनीविरुद्ध एचएसबीसीच्या बाजूने सिंगापुरात झालेल्या निवाड्याच्या अंमलबजावणीला पक्षपाताच्या कारणावरून विरोध झाला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. लवाद चालू असताना ही हरकत घेतली नव्हती, सिंगापूरच्या न्यायालयातही नेली नव्हती. परदेशी निवाडा पक्षपातासाठी नाकारायचा तर कसोटी अतिशय कडक असते, हेही न्यायालयाने सांगितले. विदेशी सीट असलेल्या वादात भारतीय अशिलाला सल्ला देणाऱ्या प्रत्येक वकिलाने हा निकाल वाचलाच पाहिजे.

नमुना कायद्यातली तीस दिवसांची तरतूद कलम १३ आणि १६ मध्ये यावी, अपील नाही या अटीसह यावी, ही आमची मागणी आहे. मुंबई ही लवादाची सीट म्हणून सिंगापूरच्या बरोबरीला यावी असे आपण म्हणतो. तिथे तर अधिकार नाकारणारा निर्णयही तीस दिवसांत न्यायालयात नेता येतो. दुरुस्ती होईपर्यंत काही गोष्टी आपल्याच हातात आहेत. नेमणुकीच्या वेळी लवादाला त्याच प्रकल्पातल्या, त्याच कंत्राटाच्या नमुन्यावरच्या इतर वादांबद्दल लेखी विचारावे. नवी नेमणूक आली की पुन्हा कळवा, असेही त्याच पत्रात लिहावे. अधिकारक्षेत्राची हरकत बचावाचे निवेदन दाखल करतानाच घ्यावी, आणि मंडळांनी ती मूळ वादाच्या पोटात न ढकलता, शक्य तिथे स्वतंत्र सकारण आदेशाने निकाली काढावी.