गिअरबॉक्सचं तेल जन्मभर पुरतं म्हणणाऱ्यांना

आज ऊस-कांद्याचं नाही, गाडीचं लिहितोय. परवा ग्रुपवर एकानं टाकलं, "ॲटोमॅटिक गाडी आपल्या भागात टिकत नाही, गिअरबॉक्स जळतो, हे शहरवाल्यांचे चोचले." खाली अंगठ्यांची रांग. त्यातल्या निम्म्यांनी गिअरबॉक्सचं तेल डोळ्यानं पाहिलेलं नसणार. मी पाहिलंय. नवं लालभडक असतं. आमचं निघालं ते काळं, आणि करपलेल्या फोडणीसारखा वास.

गाडी पुतण्याची, जुनी घेतलेली. फेब्रुवारीअखेर त्यानं मागं छोटी ट्रॉली बांधली, रांगड्या कांद्याच्या गोण्या भरल्या, कच्च्या रस्त्यानं चढ काढला आणि पुढं नगर-मनमाड रोडला उसाच्या ट्रॉल्यांमागं दीड तास मुंगीच्या चालीनं. असं चार-पाच खेपा. मग गिअर पडताना झटके सुरू. महिन्यात ही गत झाली की चढाला इंजिन बोंबलतंय आणि गाडी जाग्यावर. दुरुस्तीचा आकडा लाखाच्या वर, म्हणे "तुम्ही ओझं ओढलं." ओढलं, चूक आमचीच. पण त्याआधी सर्व्हिसिंगला मी स्वतः विचारलं होतं, गिअरबॉक्सचं तेल बदलायचं का? उत्तर आलं, "काका, ते लाइफटाइम असतं."

कोणाचं लाइफटाइम? गाडीचं, तेलाचं की वॉरंटीचं?

आता हे तापतं कसं ते बघा. दोन पंखे समोरासमोर ठेवा, एक चालू केला की वाऱ्यानं दुसरा फिरतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हेच आहे, फक्त हवेच्या जागी तेल. गाडी वेगात असली की आतला लॉकअप क्लच दोघांना जोडून टाकतो, घसरण संपते, तेल गार राहतं. ओझं घेऊन हळू चालली की इंजिनाकडचा पंखा जोरात, चाकाकडचा हळू, आणि मधला फरक सगळा तेलात उष्णता होऊन उतरतो. गाडी जाग्यावर अडली आणि इंजिन 50 किलोवॅट देत राहिलं तर? घरची पाणी तापवायची कॉइल दीड किलोवॅटची. म्हणजे तेहतीस कॉइली सात-आठ लिटर तेलात! आणि तेल तापायला पाण्याच्या निम्मीच उष्णता लागते. हिशेब मांडला, सेकंदाला साडेतीन-चार अंश येतात. म्हणूनच ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबायची जी चाचणी गॅरेजवाले घेतात, ती पाच सेकंदांच्या वर धरत नाहीत.

मेकॅनिक लोकांचा जुना ढोबळ हिशेब असा, की तेल 80 अंशांच्या आसपास राहिलं तर उदंड टिकतं, आणि वर दर दहा-अकरा अंशांना आयुष्य निम्मं. तिकडं 110 ला गेलं की एक अष्टमांश राहिलं. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच 42 असतं. "लाइफटाइम" कुठल्या हवेत मोजलं, कोण सांगणार?

ग्रुपवाल्यांचीही चूक सांगतो. सगळ्या ॲटोमॅटिकला एकाच दावणीला बांधू नका. 2014 पासून आपल्याकडं ज्या स्वस्तातल्या एएमटी आल्या, त्यात हा कन्व्हर्टरच नाही. साधाच क्लच, फक्त पायाऐवजी मशीन दाबतं. त्यात तेल नाही, क्लच जळतो, तोही चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणाऱ्यांचा.

आणि नगरचं रणगाडा संग्रहालय बघितलंय ना सगळ्यांनी? पुढच्या वेळी फोटो काढून झाले की मागच्या बाजूच्या त्या मोठ्या जाळ्या बघा. हवा खेळवायला एवढी जागा सोडलीय. जड ओझं हळू ओढायचं तर गारव्याची सोय आधी लागते, हे रणगाडा बनवणाऱ्याला कळतं. आपण मात्र गाडीच्या जाळीत पाचट, कांद्याची फोलपटं, कारखान्याचा भुसा अडकलेला तसाच ठेवतो.

दुसरं, बोअरचं पाणी. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरमधल्या नळीतून फिरून गार होतं. त्यात आपलं खारं पाणी ओतलं की क्षाराचा थर बसतो. ठिबकच्या नळ्यांना ॲसिड सोडतो आपण, आणि रेडिएटरला तेच पाणी पाजतो! ती नळी आतून फुटली तर पाणी तेलात मिसळतं, तेल गुलाबी ताकासारखं दिसतं, आणि मग गिअरबॉक्सचं काही खरं नाही.

कंपन्यांना माझं एकच मागणं आहे. काच सरकवायला बटण दिलं, छपराला खिडकी दिली, गाणी लावायला टीव्हीएवढा पडदा दिला. त्या पडद्याच्या कोपऱ्यात गिअरबॉक्सच्या तेलाचा आकडा दाखवा. तेल तापलेलं गाडीतल्या कॉम्प्युटरला कळतं, बऱ्याच गाड्यांत तर सेन्सर असतोच. मालकालाच का कळू नये? बैल तोंडाला फेस आणून सांगतो तरी. इथं दिवा लागतो तोवर प्लेटा करपून गेलेल्या असतात.

पुतण्याची गाडी सुटी करून ठेवलीय. जळक्या प्लेटा आणि तेलाची बाटली वस्तीवर आहे. ज्यांनी अंगठे दिले त्यांनी रविवारी येऊन बघून जा, सकाळी नऊच्या आत, नंतर मी पाण्यावर असतो.