खर्रा सोडणाऱ्याच्या हातात पुन्हा खर्रा देऊ नका

आरमोरी शहर व तालुक्यातील तमाम बंधू-भगिनींनो,

गेल्या आठवड्यात आपल्या तालुक्यात एक तेरवी झाली. माणूस पन्नाशीच्या आतला, तोंडाच्या कॅन्सरनं गेला. शेवटी शेवटी त्याला पेजसुद्धा गिळवत नव्हती. त्याच माणसाच्या तेरवीच्या मांडवात, पंगत उठल्याबरोबर, पन्नीतला खर्रा हातोहात फिरला. भाऊ गेला त्या दिवसापासून धाकट्यानं खर्रा बंद केला होता. दोघांनी त्याला घेरलं. "एका खर्र्यानं का होते बे?" त्यानं घेतला. आम्ही महिला तिथेच होतो. हे आवाहन त्या संतापातून लिहीत आहोत, आणि खाणाऱ्यापेक्षा जास्त ते त्याच्या अवतीभवतीच्या माणसांसाठी आहे.

कुणी सोडतो म्हटलं की आपण काय करतो? हसतो. "पाहू किती दिवस टिकते ते," म्हणतो. पैज लावतो. बारशाला, साक्षगंधाला, मंडईत, रात्रीच्या नाटकाला गेलो की मुद्दाम त्याच्याच पुढे पन्नी उघडतो. मग तो हरला की म्हणतो, मनाचा कच्चा आहे. कच्चा तो नाही. आधार न घेता केलेल्या शंभर प्रयत्नांपैकी जेमतेम चार यशस्वी होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. समुपदेशन आणि औषधाची जोड मिळाली तर यशाची शक्यता दुपटीनं वाढते. एकरभर रोवणी आपण एका माणसावर टाकत नाही, बाया गोळा करतो. आणि पंधरा-वीस वर्षांचं व्यसन मात्र त्यानं एकट्यानं, तेही आपल्या टोमण्यांत, सोडावं अशी अपेक्षा ठेवतो!

भारतात तंबाखू दरवर्षी साडेतेरा लाखांच्या आसपास माणसं नेते. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि तंबाखू खाणारे २४.४ टक्के. म्हणजे आपलं दुखणं धुरापेक्षा तोंडात जास्त आहे. खर्र्यातली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते. तोंड उघडेनासं होतं ते तिच्यामुळे. दिवसाला तीन खर्रे, एकाचे वीस रुपये धरा. वर्षाचे २१,९०० रुपये होतात. २०२४-२५ च्या हमीभावानं हे साडेनऊ क्विंटल धान झालं. बांधीत राबून पिकवलेलं धान आपण पानठेल्यावर थुंकतो. वर पोराच्या हातात नोट देऊन त्यालाच खर्रा आणायला पिटाळतो. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं आणि शाळेच्या शंभर यार्डांच्या आत ठेला लावणं, दोन्ही २००३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. कायदा ठेलेवाल्याला आहे हे खरं, पण पोराला पाठवणाऱ्या बापाला लाज हवी की नको?

काही लोक म्हणतात, खर्रा नसला तर सकाळी पोट साफ होत नाही. पाणी प्या, भाजी खा, आठ-पंधरा दिवसांत होईल. आजोबा नव्वदीपर्यंत बिडी ओढत होते म्हणे. जे पन्नाशीत गेले त्यांची नावं कुणी घेत नाही. तेंदूपत्त्यावर आमचं पोट आहे, हाही एक मुद्दा काढतात. पान तोडा, मजुरी घ्या. ते ओढलंच पाहिजे असं कुणी सांगितलं?

आता कामाचं. आज रागाच्या भरात पन्नी फेकून उद्या नवी आणू नका. आधी मनाची तयारी करा. येत्या पंधरा दिवसांतला एक दिवस ठरवा, लग्नाचा किंवा मंडईचा सोडून. तोवर खर्रा किंवा बिडी कधी लागते ते कागदावर लिहा: चहानंतर, बांधीवर, मोबाईल पाहताना, कुणासोबत. का सोडायचं तेही लिहा. मग तीन माणसांना सांगा: घरातलं एक, कामावरचं एक आणि ज्याच्यासोबत खाता तो दोस्त. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. आदल्या रात्री खिसे, गाडीची डिक्की, उशीखालची डबी सगळं रिकामं करा. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट जातात: चिडचिड होते, झोप उडते, डोकं दुखतं. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. तलफ आली की ती काही मिनिटांचीच असते. तेवढ्या वेळात त्या तिघांपैकी एकाला फोन लावा, पाणी प्या, जागा बदला.

घरच्यांनी या दिवसांत त्याचं चिडणं मनावर घेऊ नये आणि रोज झडतीही घेऊ नये. खर्रा खाणाऱ्या बायाही कमी नाहीत. त्यांनाही हेच लागू, आणि त्यांना तर नवऱ्याच्या आधाराची जास्तच गरज आहे. दोस्तांनी महिनाभर त्याच्यासमोर पन्नी उघडू नये. एवढं तरी जमेल ना? मध्ये घसरला तर शिव्या न देता नवा दिवस ठरवून द्या.

तालुक्यात मुक्तिपथचं व्यसन उपचार क्लिनिक आहे. राज्य शासन, सर्च संस्था आणि टाटा ट्रस्ट यांचं हे काम जिल्ह्यात २०१६ पासून सुरू आहे. तिथे किंवा सरकारी दवाखान्यात जा, निकोटीनच्या च्युइंगमबद्दल डॉक्टरांना विचारा. १८००-११-२३५६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो, मराठीतही मिळतो.

याच जिल्ह्यानं लढून १९९३ मध्ये दारूबंदी मिळवली. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातली बंदी २०२१ मध्ये उठली, आपली टिकून आहे. ती गावोगावच्या बायांनी टिकवली आणि आम्ही त्यांच्यातल्याच आहोत. आम्ही दार ठोठावायला लाजणार नाही.

ज्यांना सोडायचं आहे त्यांनी आपलं नाव, ठरवलेला दिवस आणि तीन साथीदारांची नावं आपल्या गाव संघटनेकडे द्यावीत. आणि ज्यांना स्वतःला सोडायचं नाही, त्यांनी निदान कुणाचे तरी साथीदार म्हणून नाव द्यावं. येत्या ग्रामसभेच्या आत द्या.

आपल्या,
गाव संघटनेच्या महिला