इंजिनाची कार्यक्षमता कोणासाठी?

रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची 1897 साली ऑग्सबर्ग येथे चाचणी झाली, तेव्हा इंधनातील सुमारे 26 टक्के उष्णता कामी आली. वाफेच्या इंजिनाला हे साधले नव्हते. छोट्या कारागिराच्या हाती स्वतःचे यंत्र यावे आणि बड्या भांडवलापुढे त्याने टिकावे, ही डिझेलची अपेक्षा होती. 1903 साली 'सॉलिडारिस्मुस' हा ग्रंथ लिहून त्याने कामगारांच्या सहकारी उत्पादनाचा पुरस्कारही केला. इंजिन जगभर गेले. ग्रंथ मात्र विस्मृतीत गेला.

संशोधन थांबले नाही. वेइचाय या चिनी कंपनीने 2020 साली ट्रकच्या इंजिनात 50 टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता गाठल्याचे जाहीर केले. पुण्यात वाहनउद्योग आणि केंद्र सरकार यांच्या सहकार्याने 1966 सालीच ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन स्थापन झाली. परंतु पुण्याहून साठेक किलोमीटरवरील अवसरी बुद्रुकच्या अल्पभूधारकाचा या प्रगतीत वाटा कोणता? ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही, तो भाड्याने नांगरट करून घेतो आणि वाया गेलेल्या डिझेलची किंमत भाड्यातून तोच चुकवतो. सरकारने 2017 साली इंधनवापराचे मापदंड लागू केले, ते प्रवासी मोटारींना. ट्रॅक्टर त्यांच्या कक्षेबाहेर राहिला.

प्रयोगशाळेतील शोध यथावकाश शेतापर्यंत झिरपतील, असे बाजारपेठेचे भक्त सांगतात. हा युक्तिवाद फसवा आहे. चाचणीमंचावरील इंजिन स्वच्छ हवेत, योग्य भाराखाली चालते. शेतातले इंजिन धुळीने तुंबलेला एअर फिल्टर, झिजलेले नोझल आणि चुकीचा गिअर यांच्याशी झगडते. येथील नासाडी थांबवण्यास नवे पेटंट लागत नाही. तपासणी आणि प्रशिक्षण लागते. त्यात नफा नसल्याने भांडवलाला स्वारस्य नाही. म्हणूनच ती शासनाची जबाबदारी ठरते.

शेजारच्या अवसरी खुर्द येथे 2009 साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. जनतेच्या पैशावर उभ्या असलेल्या अशा प्रत्येक संस्थेत शेतकऱ्यांच्या इंजिनांची विनामूल्य तपासणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष मराठीत जाहीर व्हावेत, ही मागणी कार्यकर्त्यांनी ग्रामसभांतून लावून धरली पाहिजे. विज्ञान कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळा देत नाही. ते संघटित जनतेला द्यावे लागते.