ऑपरेशनच्या बिलातली एक ओळ: रक्तवाहिनी बंद करणारा चिमटा

गेल्या हंगामात आमच्या वहिनींचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. दवाखाना खासगी होता. बिल हातात आलं तेव्हा औषधं, भूल, खाटभाडं या ओळी समजल्या. एक ओळ मात्र कुणालाच कळेना: 'व्हेसल सीलर'. तिच्यापुढची रक्कम म्हणजे आमच्या सहा क्विंटल सोयाबीनचे पैसे. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "मशीनचं आहे काका." भावाने पैसे भरले, कारण गाडी दारात उभी होती.

ही वस्तू म्हणजे करंटवर चालणारा लांब चिमटा. किराणा दुकानात प्लास्टिकची पिशवी तापलेल्या पट्टीत दाबून सील करतात, साधारण तसंच काम. रक्तवाहिनी चिमट्यात दाबायची, करंट सोडायचा. वाहिनीच्या भिंतीतली प्रथिनं वितळून एकमेकांना चिकटतात. मग आतलं पातं पुढे सरकून मधोमध कापतं. ७ मिलिमीटर जाडीपर्यंतच्या वाहिन्या अशा बंद होतात. दोऱ्याने गाठ मारायचा वेळ वाचतो, रक्त कमी जातं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात गाठ मारणं अवघड, तिथे तर याचा मोठाच आधार. तेव्हा डॉक्टरांनी हा चिमटा वापरला म्हणजे लुबाडलं, असं कुणी समजू नये. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये दोऱ्याच्या गाठीही चालतात, वर्षानुवर्षं चालल्या आहेत.

प्रश्न दुसराच आहे. यातले बरेच चिमटे एकदाच वापरायचे असतात. पाकिटावर गोलात २ आकडा आणि त्यावर तिरकी रेघ असेल, तर पुन्हा वापरू नका असा त्याचा अर्थ. पण किंमत मोठी असल्याने काही ठिकाणी तो निर्जंतुक करून पुन्हा वापरतात. सांध्यात अडकलेलं जळकं मांस आणि रक्त पूर्ण निघणं कठीण असतं, आणि पकड ढिली पडली तर सीलही कच्चं राहू शकतं. गरिबाचा खर्च वाचावा म्हणून कुणी तसं करत असेल, तर त्याने आधी सांगावं आणि पैसेही तेवढेच लावावेत. एकच चिमटा चार पेशंटच्या बिलात नवा म्हणून लागला, तर त्याला काय म्हणायचं?

सरकारने २०१७ साली हृदयाच्या स्टेंटची आणि गुडघ्याच्या सांध्याची कमाल किंमत ठरवली. या चिमट्याला तशी मर्यादा नाही. छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, एवढाच लगाम. पण मुळात छापलीच फुगवून तर? दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ मध्ये तपासली, तेव्हा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला होता.

आणि चिमटा कितीही चांगला असला तरी ऑपरेशन गरजेचं होतं का, हे तो सांगत नाही. बीड जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढल्याचं जून २०१९ मध्ये विधान परिषदेत सांगितलं गेलं. त्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायाही होत्या.

आपण काय करू शकतो? ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच विचारा: चिमटा वापरणार का, नवा की वापरलेला, किती लावणार? रिकामं पाकीट मागून घ्या, त्यावर छापील किंमत आणि बॅच नंबर असतो. बिल वस्तूवार मागा. २०२१ च्या राज्याच्या नियमांनुसार खासगी दवाखान्याने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायची आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसलं असेल, तर लागणारं सामान पॅकेजमध्येच धरलेलं असतं. वरून पैसे मागितले तर १५५३८८ वर फोन करा.

आम्ही पाकीट मागायला पंधरा दिवसांनी गेलो. तोवर ते कचऱ्यात गेलं होतं, असं सांगण्यात आलं.